नागपूरभर ध्वनिकृती आणि दृश्यकृती मांडायच्या असतील तर

समकालीन कलावंतांच्या कृती एका दालनात न मांडता शहरभर मांडायचे ठरले की बहुतेक आयोजक आधी कलावंतांची यादी करतात, मग कृती निवडतात आणि शेवटी त्या कृतींना जागा शोधत फिरतात. दृश्यकृतींच्या बाबतीत या क्रमाने कसेबसे निभावते. ध्वनिकृतींच्या, म्हणजे आवाज हेच माध्यम असलेल्या कृतींच्या, बाबतीत मात्र हमखास फसगत होते, कारण दालनाच्या भिंती बाहेरचा आवाज अडवतात आणि चौकाला भिंती नसतात. पुढील मार्गदर्शन त्यामुळे जागेपासून सुरू होते. ते नागपूरपुरते लिहिले आहे, आणि आठ-दहा कलावंत, मर्यादित निधी व आठवडाभराचा कालावधी एवढीच तयारी गृहीत धरली आहे.

जागेची पाहणी ऐकून करावी

जागा पाहायला गेल्यावर छायाचित्रे काढण्याआधी दहा मिनिटे डोळे मिटून तिथे बसावे. हे काम कृती ज्या वेळी चालू राहणार आहे त्याच वेळी करावे. सकाळी अकराला शांत वाटलेली गल्ली संध्याकाळी सातला ओळखू येत नाही. प्रत्येक जागी निदान तीन फेऱ्या कराव्यात: एक कामाच्या दिवशी, एक रविवारी आणि एक त्या बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे ॲप प्रमाणित नसते, त्यामुळे त्याचा आकडा परवानगीच्या अर्जात टाकू नये; मात्र एकाच फोनने घेतलेली मोजमापे दोन जागांची तुलना करायला पुरेशी असतात.

कॅनडातील आर. मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हँकूव्हर शहराचे आवाज अशाच रीतीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदवले होते. एखाद्या ठिकाणाची ओळख ठरलेल्या आवाजाला त्यांनी वेगळे नाव दिले; मराठीत त्याला ध्वनिखूण म्हणता येईल. नागपूरच्या ध्वनिखुणा शोधायला फार लांब जावे लागत नाही. इतवारीतील सराफा ओळीत बारीक हातोडीची टकटक असते, सीताबर्डीला डोक्यावरून मेट्रो सरकत जाते, आणि देशाच्या चारही दिशांचे लोहमार्ग इथे एकत्र येत असल्यामुळे रेल्वेची शिटी शहराच्या बहुतेक भागांत पोहोचते. हिवाळ्याच्या पहाटे तीच शिटी फार दूरवर ऐकू येते, कारण जमिनीलगतची हवा थंड आणि वरची हवा उबदार असली की आवाज वर निसटून न जाता खाली वळतो. उन्हाळ्याच्या दुपारी नेमके उलट घडते. थंडीतल्या रात्री लावलेला ध्वनिक्षेपक दुपारच्या चाचणीपेक्षा दूरवर का ऐकू जातो, आणि तीन इमारती पलीकडचे आजोबा तक्रार घेऊन का येतात, याचे उत्तर यात आहे. चाचणी रात्रीच घ्यावी.

पाहणीत प्रत्येक जागेसाठी दोन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. इथला आवाज सतत आहे की थांबून थांबून येणारा, हा पहिला. तो खालच्या पट्टीचा आहे की वरच्या, हा दुसरा. वाहनांच्या गोंगाटाचा मोठा भाग खालच्या पट्टीत असतो. तिथे गंभीर खर्जाची कृती लावली तर ती बुडते आणि तिला वर काढण्यासाठी कलावंत आवाज वाढवत राहतो. त्याऐवजी टिचकी, शीळ, भांड्याचा नाद अशा वरच्या पट्टीतल्या आवाजांची कृती कमी आवाजातही कानावर येते.

मॅक्स न्यूहाउस या अमेरिकन कलावंताने १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील एका वाहतूक बेटावर, पदपथाच्या जाळीखाली, मोठ्या घंटेचा टोल विरत जावा तसा अखंड नाद बसवला. तिथे पाटी नव्हती. शेकडो लोक त्यावरून काहीही न कळता चालत गेले आणि ज्यांना कळले ते थांबले. १९९२ मध्ये बंद पडलेली ती कृती २००२ मध्ये पुन्हा सुरू झाली. जगातल्या अत्यंत गजबजलेल्या चौकांपैकी एकात ध्वनिकृती ओरडल्याशिवाय टिकू शकते, एवढे सांगायला हे उदाहरण पुरे आहे. आपल्याकडे दहा-दहा ध्वनिक्षेपकांची भिंत उभारण्याची सवय झालेल्या सहकाऱ्यांना ते आवर्जून सांगावे.

कोणत्या जागा घ्याव्यात

प्रेक्षकाने पायी आणि एखाद-दोन मेट्रो स्थानकांच्या आधाराने संपूर्ण मांडणी पाहावी, अशी अपेक्षा असेल तर झिरो माइलपासून सीताबर्डी, गांधीसागर, महाल आणि इतवारी असा पट्टा सोयीचा पडतो. सिव्हिल लाइन्समध्येच सारे उरकण्याचा मोह होतो, कारण तिथे मोकळी आवारे आणि ओळखीचे अधिकारी असतात. परंतु तिथे तोच ठरावीक प्रेक्षक येतो. निम्म्याहून अधिक कृती महाल आणि इतवारीत न्याव्यात, असा माझा आग्रह आहे. या भागाला रस्त्यावरची दृश्यकृती नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून इथूनच मिरवत जाते, तिच्यासोबत चालू घडामोडींवर बोट ठेवणारे बडगे, म्हणजे उपरोधिक पुतळे, असतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ हा घोष गल्लीगल्लीतून उठतो. समकालीन कलेचा शब्दकोश माहीत नसलेला महालातला माणूस मांडणशिल्पापुढे गोंधळतो, ही आपलीच समजूत आहे. तो दरवर्षी त्याहून मोठी मांडणी खांद्यावरून जाताना पाहतो.

काही जागा नकाशावर आकर्षक दिसतात आणि प्रत्यक्षात अडचणीच्या ठरतात. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्या दिवशीच सर्वसामान्यांसाठी उघडतो. त्याच्यावर प्रकाश टाकण्याची कल्पना कोणी मांडलीच तर ती तिथेच थांबवावी. धंतोलीत रुग्णालये इतकी दाट आहेत की शांतता क्षेत्राचे १०० मीटरचे वर्तुळ आखत गेल्यास मोकळा कोपरा जवळपास उरत नाही. तिथे हेडफोनवर ऐकण्याच्या कृतीच ठेवाव्यात. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाच्या भोवतालीही तोच नियम लागतो. १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे आवार या दोन्ही ठिकाणी भिंती, वीज व पहारा मिळू शकतो. म्हणून नाजूक यंत्रे असलेल्या कृती अशा जागी सुचवाव्यात. परवानगी मात्र लेखी आणि दिनांक-वेळेसह घ्यावी. तोंडी ‘हो’ सुट्टीवर गेलेल्या अधिकाऱ्यासोबत निघून जाते.

तारीख ठरवताना

नागपुरात मे महिना बाद. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात चालण्याचे कमाल तापमान बहुधा ४० अंश सेल्सिअस लिहिलेले असते, आणि मेमध्ये सूर्यास्तानंतरही हवा त्या आकड्याच्या आसपास रेंगाळते. पावसाळा अर्थातच नाही. गणेशोत्सव आणि नवरात्रात शहराचे ध्वनिक्षेपक दुसऱ्या कामात असतात, आणि विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात, त्या दिवसांत पोलीस व महापालिकेकडून आपल्या कामासाठी वेळ मागणे गैर आहे. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की विधानभवनाच्या परिसरातील रस्ते आणि बंदोबस्त यांचा अंदाज बांधता येत नाही.

उरलेल्या दिवसांतून मी अधिवेशन संपल्यापासून मकर संक्रांतीपर्यंतचा काळ निवडतो. याचे एक कारण कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही: धनुर्मासात परंपरेने लग्ने टाळली जातात, त्यामुळे शहरभरातली लॉन आणि मंगल कार्यालये तुलनेने शांत असतात आणि वरातीच्या बँडशी आपल्या कृतीची गाठ पडत नाही. ३१ डिसेंबरची रात्र तेवढी वगळावी. पंचांग पाहून कलामहोत्सवाची तारीख काढणे विनोदी वाटेल, पण साऊंडवाल्याकडून भाड्याची यंत्रे स्वस्तात मिळण्याचाही तोच काळ असतो.

नागपूर मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्यामुळे इथे अंधारही लवकर पडतो. डिसेंबरच्या अखेरीस सूर्यास्त साधारण ५ वाजून ४० मिनिटांनी होतो, सव्वासहाच्या सुमारास प्रक्षेपण स्वच्छ दिसू लागते आणि रात्री १० वाजता उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. म्हणजे पावणेचार तास मिळतात. उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी उद्घाटन लांबवण्याची परंपरा इथे परवडणारी नाही.

परवानग्या

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हा यातला मुख्य दस्तऐवज असून तो कलावंतांनाही वाचायला द्यावा. दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत, निवासी क्षेत्रासाठी ५५, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ आणि शांतता क्षेत्रासाठी ५० डेसिबल ही परिसराची मर्यादा आहे. सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या ठिकाणाच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र धरले जाते.

ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी लागते. अर्जात ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ एवढेच लिहिले तर समोरच्या टेबलावर ऑर्केस्ट्रा डोळ्यांपुढे येतो आणि नकार सोपा होतो. त्याऐवजी प्रत्येक जागी यंत्र कोणते, किती वॅटचे, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या दिशेला तोंड करून आणि एक मीटर अंतरावर किती डेसिबल, हे एका पानाच्या तक्त्यात द्यावे व सोबत जागेचा हाताने काढलेला नकाशा जोडावा. रस्ता वा पदपथ वापरायचा असेल तर महापालिकेच्या संबंधित झोन कार्यालयात अर्ज करावा. शहरात असे दहा झोन आहेत आणि एका पट्ट्यात फिरणारी मांडणी सहज दोन-तीन झोनमध्ये पसरते, म्हणून प्रती तितक्याच काढाव्यात. वाहतूक शाखेला स्वतंत्र पत्र द्यावे. मेट्रो स्थानकाच्या आत काहीही लावायचे असल्यास महामेट्रोकडे महिनाभर आधी जावे.

कृतीत जुने गाणे वा ध्वनिमुद्रण वापरले असेल तर त्याचे हक्क कोणाकडे आहेत हे कलावंताकडून लेखी घ्यावे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. विणकर, हमाल, भाजीवाल्या अशा माणसांचे आवाज मुद्रित केलेले असतील तर त्यांची संमती तर हवीच, शिवाय त्यांना आपल्या आवाजाची कृती पहिल्याच दिवशी ऐकायला बोलवावे.

यंत्रे आणि अंतर

उघड्यावर, एका बिंदूतून निघणारा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवर ८० डेसिबल असलेली कृती दोन मीटरवर ७४, चार मीटरवर ६८, आठ मीटरवर ६२ आणि सोळा मीटरवर ५६ डेसिबल उरते. इतवारीतल्या गल्लीचा स्वतःचा आवाज ६५ असेल तर ही कृती चार-पाच मीटरच्या वर्तुळातच ऐकू येईल. हे वर्तुळ मोठे करण्यासाठी एकच मोठा ध्वनिक्षेपक लावण्यापेक्षा दर सहा-सात मीटरवर लहान ध्वनिक्षेपक कानाच्या उंचीवर लावावेत. प्रेक्षक एका वर्तुळातून दुसऱ्यात चालत जातो आणि वरच्या मजल्यावरच्या घरात फारसे काही पोहोचत नाही. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या २०१७-१८ मधील कृतीत तुरुंगवास भोगलेल्या १०० कवींच्या ओळी १०० वेगवेगळ्या टांगलेल्या मायक्रोफोनमधून ऐकू येतात, आणि ऐकणारा त्यांच्यामधून फिरतो. लहान आवाज जवळ आणण्याची ताकद त्यातून नीट कळते. मात्र रांगेतल्या ध्वनिक्षेपकांवर एकच मुद्रण लावले असेल तर अंतराचा विचार करावा: आवाजाला ३४ मीटर कापायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि लांबचा आवाज प्रतिध्वनीसारखा मागून येतो.

ध्वनिक्षेपक लावायला जागाच नसेल तर एक्साइटर वापरावा. कानाच्या वाटीएवढे हे यंत्र काच, लाकूड किंवा पत्र्याला चिकटवले की तो पृष्ठभागच आवाज काढू लागतो. बंद दुकानाच्या शटरवर ते खडखडते, कारण पट्ट्या सैल असतात; जुन्या वाड्याच्या सागवानी दारावर आवाज उबदार येतो. बाकाच्या फळीखाली लावल्यास बसणाऱ्याला कंपने अंगात जाणवतात, आणि ज्यांना कमी ऐकू येते अशा प्रेक्षकांसाठी असा एक तरी बाक ठेवावा.

प्रक्षेपणाचे गणित याहून सोपे आहे. सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच चित्र म्हणजे २४ चौरस मीटर; ५००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण प्रकाश) प्रोजेक्टर त्यावर साधारण २०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला २०० ल्युमेन, प्रकाश टाकतो. रस्त्यावरच्या दिव्यांचा त्या भिंतीवर २० लक्स प्रकाश असेल तर चित्र ठीक दिसेल. त्याहून अधिक असेल तर प्रोजेक्टर बदलण्याआधी महापालिकेच्या विद्युत विभागाला तेवढा एक खांब काही तास बंद ठेवण्याची विनंती करावी. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे भिंतीपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर सहा मीटर रुंदीसाठी तो नऊ मीटर मागे ठेवावा लागतो, आणि महालातल्या बहुतेक गल्ल्या तेवढ्या रुंद नाहीत. तिथे समोरच्या घराची गच्ची मागावी किंवा चित्र लहान करावे. चुना दिलेली भिंत मिळाली तर उत्तम. लाल विटांवर निळा रंग मरतो.

वीज

ध्वनिकृतीजवळ जनरेटर ठेवू नये. सायलेंट म्हणवणाऱ्या जनरेटरलाही एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. ५० वॅटची यंत्रणा चार तास चालवायला २०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीत १८०० वॅट-तास असतात आणि निम्मी वापरली तरी काम भागते. प्रोजेक्टरांसाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर प्रत्येक फाट्यावर बसवावा आणि तारा पदपथावरून नेताना रबरी पट्टीखाली झाकाव्यात.

ओळखीच्या दुकानातून वायर ओढण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त असतो आणि त्यात फसलोही मीच आहे. महालातल्या एका गल्लीत आम्ही पाच लहान ध्वनिक्षेपकांवर हातमागाच्या खटक्यांची कृती लावली होती. वीज एका कापड दुकानातून घेतली होती, दुकानदाराने आनंदाने दिली होती. पहिल्या दिवशी साडेआठला कृती अचानक गप्प झाली. वायर तपासली, अॅम्प्लिफायर उघडला, पेनड्राइव्ह बदलला, कलावंत रडकुंडीला आली. पाऊण तासाने दुकानदार काका पान खाऊन परतताना दिसले. त्यांना विचारले तर म्हणाले, ‘‘अहो भाऊ, मी तर रोजच मेन पाडून कुलूप लावतो ना जी.’’ चूक त्यांची नव्हती. दुकान किती वाजता बंद होते हे आम्ही विचारलेच नव्हते. तेव्हापासून प्रत्येक जोडणीवर कोणाचा मीटर, बंद करण्याची वेळ आणि किल्ली कोणाकडे, असे तीन रकाने असलेले कार्ड मी बांधतो.

प्रेक्षक आणि मदतनीस

नकाशा कागदावरच छापावा, मराठी आणि हिंदीत, चौकांच्या बोलीतल्या नावांसह. प्रत्येक जागी फलकावर कृतीचे नाव, कलावंताचे नाव आणि ‘इथे उभे राहून दोन मिनिटे ऐका’ एवढी सूचना असावी. लांबलचक संकल्पना-टिपण वाचत उभा राहिलेला माणूस ऐकत नाही. शासकीय चित्रकला महाविद्यालयाचे विद्यार्थी मदतनीस म्हणून मिळाले तर त्यांना मानधन द्यावे आणि दीड-दोन तासांच्या पाळ्या ठेवाव्यात, कारण एकच ध्वनिफीत चार तास ऐकणे ही शिक्षा आहे. हीच गोष्ट शेजारच्या दुकानदारालाही लागू होते. म्हणून तीन मिनिटांची फीत सलग फिरवू नये. मध्ये सात-आठ मिनिटांची शांतता सोडावी. आवाज कमी करण्याचा खटका कुठे आहे हेही त्याला दाखवून ठेवावे. आपल्या हातात खटका आहे म्हटल्यावर तो बहुधा वापरत नाही.

प्रत्येक जागी एक वही असावी आणि मदतनिसाने तासाला एकदा परिसराचा आवाज, कृतीचा आवाज व आलेली तक्रार तीत नोंदवावी. पोलीस चौकशीला आले तर ही वही पुढे करावी.

आवराआवर

शेवटच्या रात्री दहाला आवाज थांबला की लगेच तारा उतरवू नयेत. थकलेल्या माणसांनी अंधारात शिडीवर चढू नये. यंत्रे तेवढी रात्रीच आत घ्यावीत आणि उरलेले काम सकाळी करावे. एक्साइटरची चिकटपट्टी दारावरून काढताना केस वाळवायच्या यंत्राने आधी गरम करावी, म्हणजे जुना रंग सोबत निघत नाही. भिंतीवर ठोकलेला प्रत्येक खिळा मोजून काढावा, भोक बुजवावे, दुकानदारांच्या मीटरचे वाचन त्यांच्या देखत घेऊन विजेचे पैसे रोख द्यावेत आणि पोलीस ठाण्यात व झोन कार्यालयात कार्यक्रम संपून जागा मोकळी केल्याचे पत्र देऊन पोच घ्यावी. जागेसाठी अनामत रक्कम भरली असेल तर ती त्या पोचेवरच परत मिळते.